पंखा बंद करा, रेकॉर्डिंग चालू आहे

गेल्या मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकून बडोद्याला ताईकडे जाऊन आलो. मे महिन्यात बडोद्याला कोणी हौसेने जात नाही हे मलाही ठाऊक होतं, पण ताईचा फोनच तसा आला. "तू ये आणि त्याला समजाव. तुझं ऐकेल तो. तू सरकारी नोकरीत आहेस." माझं कोणीतरी ऐकावं याला माझी सरकारी नोकरी हे कारण आजवर फक्त ताईनेच दिलेलं आहे. आमच्या घरात तर ते माझं न ऐकण्याचं कारण समजलं जातं. असो.

'तो' म्हणजे माझा भाचा. वय सव्वीस, केमिकल इंजिनियर, नंदेसरीच्या बाजूला एका कारखान्यात पाळीची नोकरी. दिसायला भावोजींसारखा, बोलायला आमच्या आजोळच्या माणसांसारखा. त्याला नोकरी सोडून स्टँडअप कॉमेडी करायची आहे, आणि जोडीला पॉडकास्ट. ताईला यातला पहिला शब्द जेमतेम कळला होता. "उभं राहून बोलायचं, एवढंच ना? मग त्यासाठी नोकरी कशाला सोडायला हवी? रविवारी उभा राहा की!"

मडगावहून ओखा एक्स्प्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी बडोद्याला उतरलो. तिथून रिक्षाने छाणी. नकाशावर छाणी आता बडोद्याचाच भाग आहे, पण मूळ गाव ते गावच. तळं आहे, जुनी घरं आहेत, जैन देरासरं आहेत, आणि इथल्या ज्ञानभांडारातली जुनी हस्तलिखितं अभ्यासकांना चांगली ठाऊक आहेत. गावाच्या कडेने मात्र फ्लॅट, दुकानं, ट्रकांची वर्दळ, आणि पलीकडे फर्टिलायझरनगर. भावोजी खत कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी छाणीतच फ्लॅट घेतला. ताई लग्न होऊन गोव्यातून इकडे आली त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. ती गुजराती फाडफाड बोलते, मराठी बडोदेकरांसारखी बोलते, आणि फोनवर माझ्याशी भांडताना कोंकणीवर येते.

पोचलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. बाहेर रस्ता तापून डांबराचा वास येत होता. ताईने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि ओठावर बोट ठेवलं. म्हटलं, कोणी आजारी आहे की काय? तर आतल्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला, त्यावर गुजरातीत आणि मराठीत लिहिलेलं: 'पंखा बंद करा, रेकॉर्डिंग चालू आहे.' म्हणजे फक्त त्याच्या खोलीतला नव्हे, बाहेरच्या खोलीतलाही पंखा बंद. कुकर बंद. भावोजी बनियनवर, वर्तमानपत्राने वारा घेत, तोही आवाज न करता. घरातली दोन वडीलधारी माणसं बेचाळीस अंशांत गप्प बसली होती, कारण आत मुलगा एकटाच हसत होता.

पाऊण तासाने तो बाहेर आला. अंगातून घाम निथळत होता. आत काय आहे ते मी जाऊन पाहिलं. दोन जुन्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, खिडकीवर गोधडी, टेबलावर मायक्रोफोन आणि त्याच्यापुढे जाळीचं गोल झाकण. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातून निघणारा वारा त्या जाळीवर अडतो म्हणे. गोधडी ताईच्या सासूबाईंनी शिवलेली. "मामा, ही गोधडी नसती तर देरासरातली घंटा प्रत्येक भागात आली असती," तो म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे की, छाणीचा कार्यक्रम आहे म्हणून कळेल तरी. त्याने माझ्याकडे जरा विचारात पडून पाहिलं. पुढच्या भागापासून त्याने सुरुवातीला घंटा ठेवली आहे. माझं ऐकल्याचं हे एकमेव उदाहरण.

आता तुमच्यापैकी कित्येक जण पॉडकास्ट रोज गाडीत ऐकत असाल, पण माझ्या ऑफिसातल्या काहींना अजून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. रेडिओचाच कार्यक्रम, पण आकाशवाणीने ठरवलेल्या वेळेला नव्हे, आपल्याला हवा तेव्हा ऐकायचा. हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली नावाच्या इंग्रज पत्रकाराने एका लेखात सहज वापरला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट बांधून. आयपॉड इतिहासजमा झाला, शब्द मागे राहिला. मराठीत 'भाडिपा'ने २०१६ पासून यूट्यूबवर धुमाकूळ घातला, पुढे 'अमुक तमुक'सारखे गप्पांचे कार्यक्रम आले. भाच्याच्या बोलण्यात ही नावं सारखी येतात. त्याचा स्वतःचा कार्यक्रम अर्धा मराठी, अर्धा गुजराती, आणि विषय बडोद्याचे मराठी लोक. ऐकणारे? "शंभर-सव्वाशे," तो म्हणाला, "त्यातले दहा तरी नातेवाईक." मी म्हटलं, आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाला पहाटे तीनच्या अंकाला याहून कमी माणसं जागी असतात, आणि तीही नातेवाईकच.

पहिल्या रात्री गच्चीवर गाद्या टाकून आम्ही दोघं झोपलो. ताईने दिलेलं काम करायचं होतं. मी जरा घसा खाकरून सुरुवात केली. म्हटलं, हे बघ, लोकांना एकट्याने हसवायचं हे काही आज निघालेलं नाही. आमच्याकडे याला एकपात्री म्हणतात. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं नाव ऐकलंयस? 'वऱ्हाड निघालंय लंडनला'? त्याने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मग माझी गाडी सुटली.

औरंगाबादचा हा माणूस (म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर). तिथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचा, पुढे त्या विभागाचा प्रमुख झाला. १९७९ साली त्यांनी 'वऱ्हाड'चा प्रयोग सुरू केला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातली माणसं लग्नासाठी विमानाने लंडनला निघतात, एवढीच गोष्ट. पण त्यात बावन्न पात्रं, आणि बावन्नही एकट्याने. म्हातारी, पोर, गावचा शहाणा, विमानातली बाई. तीनेक तास. ना पडदा बदलायचा, ना कपडे. गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. देशात-परदेशात हजारोंनी प्रयोग केले. आणि, इथे मी आवाज जरा चढवला, हे सगळं नोकरी सांभाळून!

"मामा," तो अंधारातच म्हणाला, "ते नाट्यशास्त्र शिकवायचे. मी रिॲक्टरचं तापमान बघतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मनात जे आलं ते त्याला सांगितलं नाही, इथे सांगतो. मी लक्ष्मण देशपांड्यांना प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. माझ्याकडे 'वऱ्हाड'ची कॅसेट होती. कॉलेजात असताना ती मी इतक्यांदा ऐकली की फीत ताणली गेली आणि बायकांचे आवाज पुरुषी येऊ लागले. बावन्न माणसं मला फक्त आवाजाने ठाऊक आहेत. कोण उंच, कोण ठेंगू, कोणाचं धोतर सुटलेलं, हे सगळं मी माझ्या मनाने ठरवलेलं. २००९ च्या फेब्रुवारीत ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा मी टेबलावर आवक-जावक रजिस्टर उघडून बसलो होतो, आणि मला एकदम वाटलं की एक माणूस नव्हे, अख्खं गाव गेलं. पुढे संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड' पुन्हा उभं केलं. ते चांगलं करतात असं पाहून आलेले लोक सांगतात. माझी मात्र अजून तिकीट काढायची हिंमत झालेली नाही. त्या माणसांचे चेहरे बदलतील अशी भीती वाटते.

भाच्याने मला स्टँडअप आणि एकपात्रीमधला फरक समजावला, आणि तो मला पटला. एकपात्रीत माणूस दुसरा कोणीतरी होतो. स्टँडअपमध्ये तो स्वतःच असतो, स्वतःचीच फजिती स्वतःच्या नावाने सांगतो. मागे लपायला पात्र नाही. मी म्हटलं, मग आमचे कीर्तनकार? एक माणूस उभा, हातात चिपळ्या, पूर्वरंगात स्वतःच्या नावाने बोलणार, उत्तररंगात हिरण्यकशिपूही होणार आणि प्रल्हादही, आणि मधेच समोर डुलकी घेणाऱ्या गावच्या भाटकाराला असा टोला हाणणार की देवळाचा सभामंडप हसेल. तियात्रातला कॉमेडियनही तसाच. पडदा पडला की पुढे येऊन एकटाच 'कांतार' म्हणून पंच-सरपंच सगळ्यांची धुलाई करणार. एम. बॉयर यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. भाचा उठून बसला. "हे तू माझ्या पॉडकास्टवर येऊन सांगशील?" मी म्हटलं, झोप आता.

खरं म्हणजे बडोद्यात राहून त्याला ठाऊक नसलेला सर्वांत मोठा माणूस मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता. चिं. वि. जोशी! आमच्या चिमणरावांचा बाप. जन्म १८९२ सालचा, पुण्याचा, पण आयुष्यातली उमेदीची वर्षं गेली ती बडोद्यात. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात ते पाली भाषेचे प्राध्यापक होते, आणि पुढे राजदप्तरदार. म्हणजे काय, तर संस्थानाचे जुने कागद सांभाळणारे अधिकारी. हे मी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत वाचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! ज्या माणसाने मराठीला पोट धरून हसवलं तो दिवसभर फायलींत बसायचा. आमच्या रेकॉर्ड रूममधली धूळ खाऊन मला आजवर फक्त शिंकाच आल्या.

आणि चिमणराव कोण? तोही कारकूनच. पगार तुटपुंजा, घरात आई, बायको काऊ, मोरू-मैना-राघू ही पोरं, आणि मदतीला, म्हणजे संकटात टाकायला, धिप्पाड गुंड्याभाऊ. महत्त्वाचं म्हणजे या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतो. 'मी असा फजित पावलो' हे तो स्वतःच, गंभीर चेहऱ्याने, प्रथमपुरुषी सांगतो. तेव्हा मी भाच्याला म्हटलं, तुझी व्याख्या लावलीस तर मराठीतला पहिला स्टँडअप कॉमेडियन बडोद्यातच लिहिला गेला, फक्त तो उभा नव्हता, कागदावर बसला होता. उभा तो पुढे राहिला. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' काढला, त्यात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. ती मालिका आम्हाला गोव्यात दिसली नाही, आमच्याकडे टीव्हीच उशिरा आला. जुनी माणसं अजून 'काय मजा होती' म्हणतात आणि आम्ही जळतो.

भाच्याने चिमणराव वाचला नव्हता. दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे प्रत होती, ती आम्ही मागून आणली. येताना सेव उसळ खाल्ली. (ही खास बडोद्याची. उसळ आपली, वरची शेव त्यांची, आणि तिखट दोघांच्या भांडणाचं.) त्या रात्री तो गच्चीवर मोबाईलच्या उजेडात वाचत होता आणि अधूनमधून गादी हलत होती. हसण्याने.

मी त्याला आणखी एक उदाहरण दिलं, ते मात्र माझ्यावरच उलटलं. पु. ल. देशपांडे. म्हटलं, पुलंनीसुद्धा आधी आकाशवाणीत नोकरी केली, दिल्लीला दूरदर्शन सुरू झालं तेव्हा तिथेही. तो म्हणाला, "आणि मग?" मग त्यांनी ती नोकरी सोडली आणि 'बटाट्याची चाळ'चे एकट्याने प्रयोग केले. "आणि मग?" मग काय, तिकीट मिळेना. ऐन भरात असताना प्रयोग थांबवले. हसवून मिळवलेल्या पैशांचा पुढे ट्रस्ट केला, शाळांना, ग्रंथालयांना, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला मदत केली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी ताईच्या विरुद्ध बाजूने साक्ष देतोय. आणि त्याच्याकडे त्याची माणसं होतीच. जॉनी लिव्हर सहा वर्षं हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होता, साहेबांच्या नकला करायचा म्हणून कामगारांनी त्याला हे नाव दिलं, १९८१ मध्ये त्याने नोकरी सोडली. आपला हिंगणघाटचा सुनील पाल चहाच्या टपरीवर कप विसळायचा, २००५ साली 'लाफ्टर चॅलेंज' जिंकला. भाच्याने ही नावं पाठ करून ठेवली होती, वकिलाने निवाडे पाठ करावेत तशी. मी म्हटलं, ज्यांनी नोकरी सोडली आणि काहीच झालं नाही, त्यांची नावं कोण सांगणार? तो गप्प बसला. मलाही ते बोलून बरं वाटलं नाही.

शुक्रवारी तो मला फतेगंजच्या बाजूला एका कॅफेत घेऊन गेला. ओपन माइक. हे प्रकरण मी प्रथमच पाहिलं. वीसेक खुर्च्या, माणसं बारा. त्यांतली सात स्वतःच बोलायला आलेली. प्रत्येकाला पाच मिनिटं, चार झाली की मागून एकजण मोबाईलचा दिवा दाखवतो. पैसे कोणाला मिळत नाहीत, उलट प्रत्येकाने एक कॉफी घ्यायची असा दंडक. या पाच मिनिटांची दहा व्हायला वर्ष जातं, दहाचा एक तास व्हायला चार-पाच. एकच विनोद पन्नास ठिकाणी सांगायचा, कुठे शब्द काढायचा, कुठे थांबायचं ते टिपून ठेवायचं. भाच्याची वही पाहिली तर त्यात वाक्यांपुढे तारखा आणि खुणा: हसले, नाही हसले, एकच हसला. आमच्या ऑफिसात इतकी नीट टिपणी कोणी ठेवत नाही. गुजरातीत मनन देसाई आणि 'कॉमेडी फॅक्टरी'वाल्यांनी हा बाजार उभा केला म्हणून निदान माणसं येतात, असं तो म्हणाला.

त्याच्या आधीचे तिघे पडले. पडले म्हणजे काय हे समोर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. नाटकात पडलो तर दहाजण पडतात. इथे एकटा माणूस उजेडात उभा, आणि कॉफीच्या यंत्राचा फुसफुस आवाज.

मग हा उभा राहिला. आणि याने काय सांगितलं? ताईची गोष्ट.

ताईच्या सोसायटीत सगळे शाकाहारी. कोणी कधी काही बोललं नाही, माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावतात. पण बाई गोव्याची. अठ्ठावीस वर्षांत तिने छाणीच्या घरात मासळी शिजवली नाही. फक्त वर्षातून एकदा-दोनदा, गोव्याहून कोणी आलं की, सुक्या मासळीची एक पुडी येते, सात पिशव्यांत गुंडाळलेली. मग दुपारी सोसायटी झोपली की खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं, आणि देवापुढे एकाच वेळी सहा उदबत्त्या. ताई किसमूर करते. भाचा सांगत होता: शेजारच्या काकी दुसऱ्या दिवशी आईला म्हणतात, तुमच्याकडे पूजा फार होते हां, गोव्याचे लोक फारच धार्मिक. बारा माणसं हसली, मागचा कॉफीवाला हसला. मीही हसलो. आणि हसता हसता मला खिडकी बंद करणारी ताई दिसली. ती पुडी गेली कित्येक वर्षं मीच नेतोय. ओल्या फडक्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

परतताना स्कूटरवर मागे बसून मी विचारलं, ताईला माहीत आहे हे तू सांगतोस ते? तो म्हणाला, नाही. मग थोड्या वेळाने, "पॉडकास्टवर पण टाकलंय. ती ऐकत नाही."

इथे माझंही एक सांगायला हवं, नाहीतर हा सगळा लेख मामाच्या शहाणपणाचा होईल. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी जत्रांत, गणपतीत, शाळांच्या संमेलनांत नकलांचे कार्यक्रम करायचो. त्या कॅसेटवर शिकलेलो. माझा हुकमी एक्का होता सरकारी कचेरी: दाखला मागायला आलेला म्हातारा आणि त्याला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवणारे चार कारकून. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत मी तो केला. मग मला त्याच सरकारात नेमणूक मिळाली. रुजू झालो त्या आठवड्यात एका वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "नकला करतो तो तूच ना?" बस, एवढंच. रागावले नाहीत, धमकी दिली नाही. मी म्हटलं, करायचो. भूतकाळ माझा मीच लावला.

गंमत म्हणजे बारा-तेरा वर्षांनी एका खात्यांतर्गत परीक्षेसाठी वर्तणूक नियम वाचायला बसलो. १९६४ चे केंद्रीय नियम, आम्हाला तेच लागू. त्यात नियम १५ म्हणतो की सरकारी नोकराने अधूनमधून साहित्यिक, कलात्मक स्वरूपाचं काम पूर्वपरवानगीशिवाय करायला हरकत नाही, फक्त कर्तव्यात खंड पडता कामा नये. मी ते तीनदा वाचलं. तेरा वर्षं ज्या दाराला कुलूप आहे असं समजून मी बाहेर उभा होतो, ते नुसतं लोटलेलं होतं. परीक्षेत मला त्या नियमावर पैकीच्या पैकी गुण मिळाले.

हे मी त्याला गच्चीवर सांगितलं, तिसऱ्या की चौथ्या रात्री. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, हे पाच मिनिटांचं आहे."

ताईची खरी भीती पैशांची नाही हे मला नंतर कळलं. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट'मध्ये कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून तोडफोड झाली ती तिने टीव्हीवर पाहिली होती. कामराचाही पॉडकास्ट होता, २०१७ पासूनचा. "उद्या हा काही बोलला, आणि घरावर माणसं आली तर?" त्या प्रकरणात कोणाचं चूक, कोणाचं बरोबर यावर मी काही लिहिणार नाही (नियम ९ आहे, तो मात्र खरोखर कुलूपबंद आहे). पण मोडलेल्या खुर्च्या बघून आईच्या पोटात गोळा येणारच. मी म्हटलं, तो राजकारणावर बोलतच नाही ताई. ती म्हणाली, "मग कशावर बोलतो?"

आता आली का पंचाईत!

मी काही बोललो नाही. पण मी निघायच्या आदल्या दिवशी, भाचा पाळीवर असताना, तिनेच मोबाईल माझ्या हातात दिला. "लावून दे. मला ते लावता येत नाही." मी म्हटलं, कुठला भाग? "कुठलाही." मी मुद्दाम चिमणरावांचा भाग शोधत होतो, त्याने नुकताच केलेला. पण बोट चुकलं म्हणा, किंवा न चुकलं म्हणा, लागला तो उदबत्तीचा.

ताई पलंगावर बसून ऐकत होती. पंखा चालू होता, तो तिने उठून बंद केला. चौदा मिनिटं. चेहऱ्यावर काही नाही. काकी 'फारच धार्मिक' म्हणतात तिथे ओठ जरा हलले, की मला तसा भास झाला. मग त्या भागाच्या शेवटी, जे त्याने कॅफेत सांगितलं नव्हतं, ते आलं. तो म्हणतो: लहानपणी मला वाटायचं की उदबत्तीचा वास म्हणजेच आईचं माहेर. शाळेतून आलो आणि घरात उदबत्त्यांचा धूर असला की मी विचारायचो, आज गोवा आलं का?

संपलं. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येईना, म्हणजे ती नुसतीच उभी होती. मी बाहेर बसून चांगली दहा मिनिटं घामाने भिजलो, पण पंखा लावायला हात गेला नाही.

रात्री भाचा पाळीवरून आला. जेवायला बसला. ताईने भाकरी वाढली आणि पाठमोरीच म्हणाली, "सहा उदबत्त्या नव्हेत, चार. आणि किसमूर सुंगटांची म्हणालास ती चूक. बांगड्याची. सुंगटांना इतका वास येत नाही. सांगायचं तर नीट सांग."

तो हातात भाकरी घेऊन तसाच बसला. भावोजींनी मान खाली घालून वाटीतलं ताक ढवळलं.

नोकरीचं अजून ठरलेलं नाही. त्याने एक वर्ष रात्रपाळी मागून घेतली आहे, म्हणजे दिवसा गाद्या भिंतीला लावता येतात. मला कॅफेतल्या त्या पाच मिनिटांसाठी दिवाळीत ये म्हणतो. कचेरीतला म्हातारा आणि चार कारकून, पण या वेळी चारही कारकून मीच, आणि माझ्याच नावाने. रजेचा अर्ज टाकला आहे. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं आहे.